जॅकेट एकच होतं

होडीचा विषय माझ्यासमोर काढू नका, आणि काढलातच तर आधी चहा सांगा.

दोहाला असताना, एका जानेवारीत, ऑफिसातल्या डॉमनिकला मी म्हणालो, "अरे, मी रत्नागिरीचा, खाडीकाठचा. चल, तुला होडीतून फिरवून आणतो." खाडीकाठी मी जन्मभर तिकीट काढून तरीत बसलो होतो, हे त्या वसईवाल्याला कशाला सांगू?

अल खोरजवळच्या खाडीत एका म्हाताऱ्या अरबाची इंजिनवाली होडी भाड्याने घेतली. तासाभरात उत्तरेचा थंडगार वारा सुटला, इंजिन घरघर करून बंद पडलं, आणि होडीत लाइफ जॅकेट निघालं एकच. पोहायला दोघांनाही येत नव्हतं.

डॉमनिक म्हणाला, "सलीमभाय, तू घाल. तुला तीन मुलं आहेत."

"नको, तू घाल. तुझं अजून लग्न व्हायचंय."

"बरं," म्हणाला आणि घातलंसुद्धा! मला वाटलं होतं, निदान एकदा तरी आग्रह करेल.

मी कलमा पढतोय, तो येशूला हाका मारतोय. तेवढ्यात समोरून म्हातारा झगा वर खोचून, पाण्यातून आरामात चालत आला. पाणी त्याच्या पोटरीपर्यंत! ओहोटी लागून आमची होडी चिखलात रुतली होती. आजूबाजूला उभ्या असलेल्या फ्लेमिंगोंकडे बोट दाखवून तो त्याच्या हिंदीत म्हणाला, "चिडिया खडा है. तुम काहे को बैठा?"

डॉमनिकने गुपचूप जॅकेट काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"सलीमभाय, खरंच, आता तू घाल."