पोतंभर कांद्यांची झोप

— हो, ऊन आहे, पण नुसतं दाखवायला. कालपासून आमच्या मर्गिलान शहरात श्वाससुद्धा गोठतोय. बसा पाहुणे, सुरी घ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी मोहल्ल्यातल्या पुरुषांनी मिळून गाजरं चिरायची, उद्या पहाटे पुलाव. कांद्याचं काम माझं — मिशी काळी होती तेव्हापासून. मग आज गाजरं का चिरतोय, असंच ना? झालं असं — माझी नात नफोसत, शाळेत शिकवते, तिनं घरी ते बारीक वस्तू मोठ्या दाखवणारं यंत्र आणलं, कांद्याचा पापुद्रा त्याखाली ठेवला. मी डोळा लावला — काय सांगू, आत बाजार भरलेला. बारीक बारीक दाणे धाग्यांवरून पळताहेत, कडेकडेनं फेरी मारून परत, कुणी कुणाला धक्का देत नाही. आपल्या बाजारात असं कधी बघितलंय? ती म्हणाली, आजोबा, यातले काही जळण जाळून बळ पुरवतात, काही माल पोचवतात, तो मोठा गोळा सगळ्यांवर देखरेख ठेवतो. म्हटलं, आणि कांदा पोत्यात असला तर? तर म्हणे, तेव्हाही पळतात. झालं — सुरी उचलवेना. माणसं कामात असताना त्यांच्यावर छप्पर पाडायचं म्हणजे... बायको म्हणाली, मेंढी कापताना बरी उचलवते सुरी? खरंय तिचं, पण मेंढीच्या आतलं कुणी दाखवलं नाही ना मला.

मग नफोसत म्हणाली, गारठ्यात ते मंदावतात. मंदावतात — म्हणजे झोपतातच की. झोपेत कापलं तर कळायचं नाही. म्हणून लग्नाचं अख्खं पोतं रात्रभर अंगणात ठेवलं, बर्फावर. सकाळी कांदे दगड झालेले; चुलीपाशी आणले तर पाणी सुटून लगदा. झोपले ते कायमचे. — कुणाला बोलू नका हं, मुलीकडच्यांना तर मुळीच नाही... तुम्ही कोणाकडचे म्हणालात? मुलीचे मामा. बरं. बरं, चहा घ्या. पुलाव होणार हो, घराघरांतून कांद्यांच्या टोपल्या येताहेत, त्या बघा. मला धास्ती वेगळीच होती — कढईत पहिला कांदा सोडायचा माझा मान आता जातो. शेजारी तुर्दिवोय, नवरदेवाचा बाप, त्यानं पोत्यात हात घालून लगदा चाचपला. मग हात पुसत मला म्हणाला, "कांदा उद्या तुम्हीच सोडायचा, आका, थोरले भाऊ तुम्ही; चिरेल दुसरं कुणी. आणि नफोसतला सांगा, लग्न लागेपर्यंत ते यंत्र गाजराला लावू नकोस."