भरीव माल

हलकाच लॅपटॉप घे, असं मी का म्हणतो ते सांगतो. माझा पहिला लॅपटॉप घ्यायला औरंगाबादला गेलतो, सोबत दादा, म्हंजी माझे वडील. पाटोद्याला आमचं धान्याचं दुकान, त्यामुळं त्यांचा सगळा भरवसा हातानं तोलण्यावर. दुकानदारानं दोन लॅपटॉप मांडले. एक पिशवीत मावणारा, दुसरा मोठा, लई ताकदीचा. दादांनी दोन्ही उचलून, ज्वारीचं कणीस तोलावं तसे तोलले.

"ह्यो पोचट हाय. भरीव घे."

घेतला. ते पाच किलोचं धूड आमच्या दुकानातून कधी हललंच न्हाई.

पुढं दादा गावाकडं, पालीला, अंथरुणाला खिळले. आई तवा जाऊन चार वर्षं झालती, पण माझ्या लग्नाच्या सीडीत ती चालती-बोलती होती. दादांना ती लॅपटॉपवर बघायची होती. दर खेपेला विचारायचे, "आणलास का रं?"

"जीपमधी पाय ठेवायला जागा न्हाई, दादा. एवढं जड कसं आणू? पुढच्या खेपेला."

"असू दे. भरीव घे, मीच म्हणलो होतो."

दादांना खांदा दिला, तवा कळलं. पाच किलो म्हंजी काहीच नसतं.