पुतणीनं काढलेले माझे फोटो

आयुष्यभर मी गावाच्या खोड्या काढल्या, पण माझी बोलती बंद केली ती पुतणीनं. चंदा पुण्यात व्हिडिओ गेमची चित्रं काढायला शिकत होती. तिनं माझ्या तोंडाचे चारी बाजूंनी फोटो काढले. मला वाटलं, पौडच्या स्टँडवर माझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागणार. फेटा बांधून, मिशा पिळून बसलो आणि गावभर सांगून आलो.

पुढं कॉलेजच्या प्रदर्शनाला बायकोला घेऊन गेलो, तर पडद्यावर मीच! माझाच फेटा, त्यातून निघालेली दोन शिंगं, आणि एक पोरगी बटणं दाबून मला सोट्यानं बडवतीय.

"चंदे, ह्यो मी हाय?"

"व्हय काका, शेवटचा राक्षस. लवकर मरत न्हाई."

बायको पुढं सरसावली.

"सरक गं पोरी. तीस वर्सं थांबलीय मी."