खजराण्याचं लिंबू

विजेची गाडी म्हणजे खेळणं, असं माझ्यासमोर तरी बोलू नका. माझे धाकटे दीर महिनाभर हेच बोलत होते. "वहिनी, डिझेलची घ्या. ही भर रस्त्यात बंद पडेल, मग म्हणाल, भाऊजी, धक्का मारा!" मी ऐकलं नाही. गाडी घेतली आणि स्वतः चालवत खजराना गणपतीला पूजेला नेली. भाऊजी सोबत आलेच.

पंडितजींनी बोनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाले, "माताजी, अब गाड़ी चालू करो."

मी म्हटलं, "चालूच आहे."

"मग आवाज कुठाय?" बाहेर उभे असलेले भाऊजी म्हणाले.

"आवाज करतच नाही ती."

पण त्यांना ऐकायचंच कुठे होतं! "पहिल्याच दिवशी गेली ना बॅटरी! मी बोललो होतो! अरे भिया, जरा हात लावा!" हारवाला, नारळवाला असे चौघं जमवून ते बाह्या सरसावून गाडीमागे उभे राहिले. "वहिनी, घाबरू नका, मी आहे ना! एक, दो..."

त्यांचं "तीन" होण्याआधी मी पाय दाबला. लिंबू फुटलं, गाडी निघाली आणि पाचही जण हवेत हात धरून तिथेच राहिले.

"अहो वहिनी, मला तर घ्या!"

नाही घेतलं. तासाभराने भाऊजी मल्हारगंजात घरी आले ते बॅटरीच्या रिक्षाने. मी दारातच विचारलं, "भाऊजी, धक्का किती वेळा मारावा लागला?"