नातवाची गूळतुला

तक्ता दाखवून गाव हलत नाही, हे मला विचारा. अमडापूरजवळ आमचं गाव. तिथल्या ग्रामसभेत ठराव आला, शाळेच्या फाटकापाशी चिप्सची पाकिटं आणि कोल्ड्रिंक विकायचं बंद. नर्सबाई लठ्ठपणाचा तक्ता समजावत होत्या आणि बाप्ये जांभया देत होते.

एक जण म्हणाला, "खात्यापित्या घरचं पोरगं गुबगुबीतच असते, बाई!"

मी उठलेच. म्हटलं, "माह्या नातवाचं ऐका. जन्मला तवा काडीसारखा होता. मी नवस बोलली, सात वर्षांचा झाला की मारुतीपुढं गुळानं तोलीन. यंदा तोलला. गुळाच्या तीन मोठ्या भेल्या ठेवल्या, पारडं हललं नाही. चौथी आणली, तरी नाही. पुजारी म्हणे, काकू, देवाले पोचलं, आता पोराले उतरवा."

सभा खदखदून हसली.

"हसा! देवळाच्या चार पायऱ्या उतरला तं धापा टाकून राह्यला. डॉक्टरनं इचारलं, खाते काय? मी सांगतलं, शाळेतून येता येता रोज तीन पाकिटं."

मागून कोणी म्हणालं, "पण काकू, फाटकापाशीचं ते दुकान तं तुमच्याच घरचं हाय!"

"हाव! त्याचा आजाच लाडानं देते. म्हून तं बोलून राह्यली."

सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले. एक सोडून सगळे हात वर गेले. तो एक माझा नवरा. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"करतो ना वो, डोळे काऊन वटारतं!" म्हणत त्यानं दोन्ही हात वर केले.