रिकामा काटा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्याचे मालक. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, वजनमापे तपासणारे निरीक्षक साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मुख्य कारागीर, तुम्हा सगळ्यांचे दादा आणि माझा सख्खा थोरला भाऊ. पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी. आणि समोर बसलेल्या माझ्या सोबत्यांनो, भगिनींनो,

मला इथे सगळे 'धाकटे' म्हणतात. पन्नाशीला टेकलो तरी धाकटेच. भाषण करायची सवय नाही. गावच्या शाळेत गुरुजींनी एकदा उभं केलं होतं, तेव्हा नुसता नमस्कार करून खाली बसलो होतो. आजही तेवढंच करणार होतो. पण माझ्याआधीच्या वक्त्यांनी दादांबरोबर माझंही कौतुक केलं. 'असा भाऊ मिळायला भाग्य लागतं' असं म्हणाले. मालकांनी तर मलाही एक गुच्छ दिला. मी तो घेतला, हसलो, फोटोही काढू दिला. आता तो खुर्चीवर ठेवून इथे आलोय, कारण हातात धरून पुढचं बोलवणार नाही.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. दादांचं यकृत निकामी होत चाललं आहे. लगेच मनात वेगळं आणू नका. चहापलीकडे कसलंही व्यसन नाही या माणसाला. आजार कुणाला विचारून येतो का? दुसऱ्या माणसाच्या यकृताचा तुकडा बसवला तर दादा वाचतील. तपासण्या झाल्या, माझं जुळलं. घरात आनंदीआनंद झाला. पण डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "जुळतंय, पण तुमच्या यकृतावर चरबी साठली आहे. वजन उतरवून या, मग पुढचं बोलू." वर्षाअखेरच्या सुट्ट्या संपल्या की शस्त्रक्रिया, असं ठरलं.

म्हणजे मला करायचं काय होतं? डोंगर फोडायचा होता? समुद्र ओलांडायचा होता? नाही. तोंड बंद ठेवायचं होतं.

सुट्ट्यांपर्यंत ठेवलंही. उकडलेल्या भाज्या, गाजर, काकडी. वहिनी रोज सकाळी माझा डबा वेगळा भरून द्यायच्या. नवरा आजारी, घरात पाहुणे यायचे, तरी तो डबा चुकला नाही. मग सुट्ट्या लागल्या. आमचं घर दोन भावांचं, एकत्र. लेकी-जावई आले, मुलंबाळं आली. ओट्यावर केक, डब्यांत बिस्किटं, कढईत सतत काहीतरी तळण. मी कोपऱ्यात गाजर घेऊन बसलेला. दादांची नात म्हणाली, "आजोबा, तुमचे कान पण लांब होणार आता." सगळे हसले. मीही हसलो. दादा तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "चल, कारखान्यात जाऊन वजन करू. किती उतरलंय बघू."

आमच्या दुरुस्तीच्या खोलीत दाराशी एक जुना फळीचा काटा आहे. खाली माणूस उभा राहील एवढी फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. निरीक्षक साहेब, तो विक्रीचा नाही, आमच्या घरच्या वापराचा आहे. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

आमच्या धंद्यात पहिला धडा एकच, आणि तो मला दादांनीच दिला. कुठलाही काटा हाती आला की आधी रिकामा बघायचा. फळीवर काही नसताना दांडी अधांतरी आडवी सरळ राहते का? दादा म्हणायचे, "रिकामा काटा खोटं बोलत असेल, तर भरल्यावर खरं काय बोलणार?" इथल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलंय, आणि बहुतेकांनी त्यासोबत टपलीही खाल्ली आहे.

त्या दिवशी मी रिकामा काटा बघितला नाही. दादा म्हणाले, "चढ, चढ लवकर." मी चढलो. त्यांनी दांडीवरचं वजन सरकवलं आणि म्हणाले, "अरे वा! चांगलंच उतरलंय की! आज केकचा एक तुकडा खायला हरकत नाही."

मी खाल्ला.

मग रिवाजच पडला. सुट्टीत कारखाना बंद, किल्ली दादांकडे. दोन-चार दिवसांआड आम्ही जायचो, वजन उतरलेलं असायचं, आणि मी घरी येऊन खायचो. एका तुकड्याचे दोन झाले. पुढे तर कुणी 'घ्या' म्हणायची गरज राहिली नाही. मी रोज संध्याकाळी प्रार्थना करतो. देवाला म्हणायचो, दादाला बरं कर. हात जोडायचे सोडले की तेच हात कपाटाकडे जायचे. देवाने तरी काय समजायचं?

आणि मला कळत नव्हतं असं नाही. कमरेचा पट्टा आत जायच्या ऐवजी बाहेर सरकत होता. काट्याच्या कारागिराला पट्टा एक सांगतो आणि काटा दुसरं सांगतो, तेव्हा त्याने काय करावं? रिकामा काटा तपासावा. गिऱ्हाईकाच्या दुकानात रत्तीचा फरक आला तर मी अख्खा काटा खोलतो. इथे खोलला नाही, कारण काटा गोड बोलत होता.

एकदा दुपारी स्वयंपाकघरात उभ्या-उभ्याच केक तोंडात कोंबत होतो. वहिनी दारात आल्या. माझे दोन्ही गाल भरलेले. लपवायचं म्हटलं तरी कुठे लपवणार? ज्या माणसाच्या पोटावर त्यांच्या नवऱ्याचा जीव टांगलेला, तो माणूस असा उभा. त्यांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी हळूच दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी, कारखाना बंद असूनही, ओट्यावर माझा डबा मात्र नेहमीसारखाच भरलेला. वहिनी, त्या दिवसापासून मला तुमच्याकडे वर मान करून बघता आलेलं नाही. आत्ताही मी तुमच्या शेजारच्या खांबाकडे बघून बोलतोय.

सुट्ट्या संपल्या. इस्पितळात गेलो. तिथल्या काट्यावर उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, मागचा कागद बघितला, आणि विचारलं, "तुम्हाला भावाला यकृत द्यायचं आहे ना? तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना? तसं असेल तर मोकळेपणाने सांगा, मी घरच्यांना दुसरं काहीतरी कारण देईन."

त्या चांगुलपणाने विचारत होत्या. मी जमिनीत गेलो.

वजन उतरलं नव्हतं, वाढलं होतं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मी तसाच कारखान्यात आलो आणि पहिल्यांदा रिकामा काटा बघितला. दांडी एका अंगाला टेकलेली. दांडीखाली हात घातला तर सरकत्या वजनाच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, शिशाचा तुकडा बांधलेला. पासंग. एक अंग हलकं पडलं तर समतोलाला लावतात तो. इथे समतोल मोडून माझं वजन कमी दाखवायला लावला होता.

दादा टेबलापाशी फडक्याने हात पुसत होते.

"दादा, हे काय?"

"पासंग."

"ते मलाही दिसतंय. लावला कुणी?"

"बस. चहा घे. बिनसाखरेचा आहे."

"दादा!"

"ओरडू नको. मीच लावला. तू कोपऱ्यात गाजर चघळत बसायचास, आणि माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. सगळं घर खातंय, आणि माझ्यापायी तू उपाशी. मी आज आहे, उद्या नाही. तुझी सुट्टी कशाला नासवायची?"

"अरे, पण जीव तुझा जाईल त्यात!"

"तेवढं लांबचं मी बघितलंच नाही," ते म्हणाले. "ताटाएवढंच बघितलं."

मंडळी, या माणसाने उभ्या आयुष्यात कुणा दुकानदारासाठी काटा वाकडा केला नाही. इथे बसलेल्या कित्येकांसमोर त्यांनी तशा लोकांना दारातून परत पाठवलं आहे. त्यांनी एकदाच खोटा काटा केला, तो माझ्या जिभेसाठी आणि स्वतःच्या जिवावर. हे मी तुम्हाला दादांची चूक म्हणून सांगत नाही. दादांनी मायेने डोळे मिटले. मी डोळे मिटले ते केकसाठी. या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नका. माझा चांगुलपणा त्यांच्या मायेच्या पासंगालाही पुरणार नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून थांबता येईल, पण फार नाही. दादांच्या पायांवर सूज आहे, डोळे पिवळे आहेत, हे तुम्हाला इथूनही दिसत असेल. मी पुन्हा सुरुवात केली आहे. आज सकाळीही वजन केलं. काटा आधी रिकामा बघितला, इतरांनाही दाखवला. आकडा अजून चारचौघांत सांगण्याजोगा नाही. पण खरा आहे.

उद्यापासून दादा कारखान्यात येणार नाहीत. सगळ्यांना वाईट वाटतंय, मलाही वाटतं. पण खरं सांगू का? तो काटा आता दादांच्या हातापासून सुरक्षित राहील, एवढं मला बरंही वाटतं. हसा, हसा, दादाही हसतायत. पण घरी कोण राखण करणार? परवाच माझ्या ताटात गुपचूप काहीतरी सरकवलं होतं यांनी.

म्हणून अध्यक्ष महाराज, आपली परवानगी घेऊन मी एक क्षण पाहुण्यांकडे पाठ करतो.

दादा, लहानपणापासून तू मला आधी वाढलंस आणि मग स्वतः घेतलंस. मी कधी 'पुरे' म्हटलं नाही. आता मी म्हणतोय, तर ऐक. मला उपाशी राहू दे. माझी कीव करू नकोस. नुसती मान नको हलवूस, तोंडाने बोल. सगळ्यांसमोर बोल. हा माईक घे.

ऐकलंत ना? मागच्या रांगेत पोचलं नसेल तर मी सांगतो. दादा म्हणाले, "राहा उपाशी."

जन्मात पहिल्यांदा म्हणाले.

मालकांचे, पाहुण्यांचे आणि खुर्च्या मांडण्यापासून राबलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. दादांना निरोप द्यायला उभा राहिलो आणि स्वतःचंच गाऱ्हाणं सांगत बसलो, हे शोभलं नाही. बोलण्यात जे वावगं गेलं असेल ते आपण सर्वांनी पोटात घालावं. मला सध्या पोटात काही घालायला परवानगी नाही.