निरोगी पिल्लांचं औषध

(कोंबड्यांच्या शेडला लागून असलेली औषधांची खोली. वहिनीच्या उजव्या हाताला बँडेज.)

दीर : कपाटाची चावी द्या, वहिनी. तासाभरात पिल्लांची गाडी येईल. पाण्यात औषध कालवायचंय.

वहिनी : आता नाही कालवायचं, भावजी.

दीर : पहिले पाच दिवस देतोच की आपण. दर वेळी.

वहिनी : आजारी नसतानाही देतो. तेच चुकलं.

दीर : तुमच्या बोटांचा राग पिल्लांवर कशाला काढताय?

वहिनी : राग नाही हो. खाद्याच्या भांड्याची पत्र्याची कड लागली, एवढीशी जखम. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत टम्म सुजला. डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचत होत्या, हे औषध चालत नाही, तेही चालत नाही. चौथं नाव ऐकलं आणि मी म्हटलं, हे तर आमच्याकडे बादलीत असतं. त्यांनी लगेच शेड तपासून घ्यायला सांगितलं.

दीर : जंतू दवाखान्यातलाच असेल.

वहिनी : भरती व्हायच्या आधीच जखमेतला पू तपासायला घेतला होता. आणि मागच्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांनी शेडमधली विष्ठा नेली, त्यातही तोच निघाला. त्या औषधात आरामात जगतो. थोडं थोडं पाजून आपणच त्याला पोसलं.

दीर : हे बघा, सुपरवायझरच आले. पिल्लं देणाऱ्या कंपनीच्या माणसालाच सांगा आता.

सुपरवायझर : दारातून ऐकलं मी सगळं. ताई, औषध नाही तर पिल्लं नाहीत. नियम आहे.

वहिनी : नियम कागदावर दाखवा.

सुपरवायझर : कागद कशाला? सगळेच देतात.

वहिनी : सगळ्यांची बोटं अजून शाबूत आहेत.

सुपरवायझर : मरतुक वाढली तर जबाबदार कोण?

वहिनी : मी. लस वेळेवर देईन, खालचं तूस कोरडं ठेवीन, दाटी होऊ देणार नाही. पिल्लं आजारी पडली तर डॉक्टर तपासतील. ते म्हणतील ते औषध, म्हणतील तितके दिवस. निरोगी पिल्लाला थेंबही नाही.

सुपरवायझर : गाडी परत पाठवीन मी.

वहिनी : पाठवा. शेड रिकामं राहिलं तर राहू दे. माझी दोन बोटं गेली, त्यावर निभावलं. उद्या कुणाच्या तान्ह्या बाळाला ताप आला आणि एकही औषध लागू पडलं नाही, तर त्याच्या आईला काय सांगू? आमची पिल्लं गुटगुटीत होती म्हणून?

सुपरवायझर : जबाबदारी तुमची, लेखी द्याल हे?

वहिनी : देते की.

सुपरवायझर : मग द्या. वर दाखवतो. तोवर गाडी फाटकापाशी थांबवतो. पुढचं माझ्या हातात नाही.

वहिनी : भावजी, कागद द्या जरा.

दीर : डाव्या हातानं कसं लिहाल?

वहिनी : येईल तसं.

दीर : राहू द्या. पेन इकडे करा. मी लिहितो, खाली दोघांच्या सह्या करू. सांगा, काय लिहू?

वहिनी : आधी तारीख घाला.